करवतीने खाल्लेला बाक

मी एक चित्र बोलतोय. एक चित्र म्हणायचं की दोन, हे अजून माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही. पण तुम्ही समोर येऊन उभे राहिलात तर तुम्हाला एक बाग दिसेल. थंडी सरत आली आहे. वाटेच्या कडेला मळका बर्फ उरलाय, झाडं उघडीबोडकी आहेत, चिखलावर दुपारचं ऊन पडलंय आणि मधोमध एक रिकामा बाक आहे. त्या बाकाकडे जरा निरखून बघा. त्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत एक चीर दिसेल. रंग तडकून पडलेली नाही ती. तिथून मला करवतीने कापलं होतं.

होय, करवतीने. इतकी वर्षं झाली, तरी हा शब्द काढला की मला कापरं भरतं. चित्रांना धक्का बसत नाही असा तुमचा समज असेल, तर तो आजच काढून टाका.

डॅन्यूबच्या काठी ब्राइला शहरात येरेमिया नावाचा माणूस नाटकाचे पडदे रंगवायचा. त्याची बायको कासांद्रा कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. आमच्याकडे मार्चच्या पहिल्या नऊ दिवसांतला एक दिवस प्रत्येक बाई आपला म्हणून ठरवते. त्या दिवशी जसं आभाळ, तसं तिचं वर्ष. कासांद्राचा दिवस चौथा. त्या वर्षी चार तारखेला सकाळी बर्फ पडला आणि दुपारी लख्ख ऊन. दोघं बागेत जाऊन बसली होती.

"आता माझ्या वर्षाचं काय समजायचं?" ती म्हणाली.

"सकाळी भांडशील, दुपारी गोड बोलशील. त्यात नवीन काय?" तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने कपाटाची मागची प्लायवूडची फळी उचकटली आणि तिच्यावर मला रंगवलं. मी पुरता वाळलोही नव्हतो तेव्हा कासांद्रा माझ्यापुढे उभी राहून ओरडत होती, "अरे, कपाटाला पाठ राहिली नाही! माझे कोट भिंतीला घासतायत!" जन्माला आल्याआल्या इतक्या शिव्या कोणी खाल्ल्या असतील असं मला वाटत नाही. मग तिचा आवाज खाली आला. ती जवळ आली, मान तिरपी करून बघत राहिली.

"पण आपण कुठे आहोत यात?"

"मला माणसं जमत नाहीत गं. माझी माणसं पडद्यावर, लांबूनच बरी दिसतात." असं म्हणून त्याने बारीक ब्रश घेतला. डाव्या बाजूच्या झाडाच्या खालच्या फांदीवर एक लाल-पांढरा दोरा काढला. एक मार्चला हातात बांधायचा तो दोरा झाडं फुलली की फांदीला बांधतात. पण कासांद्राला कधी धीर धरवायचा नाही; एकही कळी नसताना ती बांधून मोकळी व्हायची. मग त्याने बाकाच्या उजव्या टोकाला सूर्यफुलाच्या बियांची कागदी पुडी काढली. "हे तुझं टोक. डावीकडचं माझं. आपण आत्ताच उठून गेलोय, एवढंच."

मी चौतीस वर्षं त्यांच्या सोफ्याच्या वर लटकलो. माणसं चित्र मोठ्या हौसेने लावतात आणि महिन्याभरात भिंतीसारखीच विसरून जातात. मला त्याचा राग नव्हता. माझ्याखाली त्यांच्या दोन मुली वाढल्या. थोरली आग्लाया, धाकटी झेनोविया, घरात आगी आणि झेना. दर एक मार्चला त्या माझ्यासमोर उभ्या राहून एकमेकींच्या मनगटाला दोरा बांधायच्या. आगी नेहमी गाठ घट्ट मारायची आणि झेना नेहमी किंचाळायची.

आधी कासांद्रा गेली. सहा वर्षांनी येरेमिया गेला. तो गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर दोघी बहिणी घर आवरायला बसल्या. ताटं, रजया, शिलाई मशीन, सगळं इतक्या प्रेमाने वाटलं गेलं की मला भरून येत होतं. तू घे गं, नको तूच घे, असं चाललं होतं. मग दोघींनी एकदमच वर, माझ्याकडे बघितलं.

"चित्र माझं. बाबांनी मला सांगितलंय," आगी म्हणाली.

"कधी सांगितलं? शेवटचे चार महिने मी होते त्यांच्या उशाशी. मला म्हणाले, झेना, बाग तुला."

"उशाशी होतीस म्हणून सगळं तुझं का?"

"आणि तू आधी जन्मलीस म्हणून तुझं?"

खरं सांगू? म्हाताऱ्याने दोघींनाही सांगितलं होतं. मी ऐकलंय. त्याला कोणाला नाही म्हणवायचं नाही. पण चित्राची साक्ष कोण काढतो?

आगीचा नवरा नेकुलाय तिथेच पेट्या बांधत होता. तसा भला माणूस, पण हातात हत्यार असलं की त्याला सगळ्या प्रश्नांची उत्तरं सापडतात. तो हसत म्हणाला, "करू का दोन तुकडे? म्हणजे मिटलं."

मी पण हसलो. विनोदच होता तो.

"कर," झेना म्हणाली.

"कर ना! बघतोस काय, करच म्हणते मी!" आगी म्हणाली.

नेकुलायने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग तो करवत आणायला गेला. मला अजूनही वाटत होतं, आता कोणीतरी थांबवेल. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथं घातलं तेव्हाही वाटत होतं. त्याने पट्टी धरून बरोबर मधोमध रेघ मारली तेव्हाही. दोघी हाताची घडी घालून समोरासमोर उभ्या होत्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. दात लागले तेव्हा माझी खात्री पटली की कोणीच थांबवणार नाही.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखण्यापेक्षा मला विश्वासच बसत नव्हता. ज्या दोघी माझ्यासमोर रांगायला शिकल्या, त्या माझा भुसा पडताना बघत होत्या. वर नेकुलाय टापटिपीचा. "कडा खरबरीत राहिल्यात," म्हणून त्याने दोन्ही तुकड्यांवर रंधा मारला. खाली पांढरट, तपकिरी, थोडासा पिवळा असा ढीग साचला. आगीने तो केरसुणीने भरला आणि कचऱ्यात टाकला.

मी डावा अर्धा. माझ्या वाट्याला दोऱ्याचं झाड आलं आणि बाकाचं येरेमियाचं टोक. कासांद्राचं टोक, तिच्या बिया, उजवीकडचं आभाळ हे सगळं झेनाबरोबर बसने गालात्सला गेलं. जेमतेम अर्ध्या तासाची वाट, पण त्यानंतर बहिणी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आगीने मला तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात लावलं. पाहुणे विचारायचे, "हा बाक असा अचानक का संपतो?" ती म्हणायची, "आधुनिक आहे ते." पण एकटी असली की ती माझ्यासमोरून मान खाली घालून जायची. वर्षश्राद्ध आलं तेव्हा तिने मला खिळ्यावरून काढलं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने जिवंत माणसाच्या हातात जे द्यावं, ते त्याला तिकडे पोचतं. म्हणून लोक ताटल्या देतात, बादली देतात, चादर देतात, कोणी खुर्चीही देतं. आगी उकडलेल्या गोड गव्हाची थाळी, पेटती मेणबत्ती आणि मला घेऊन दोन मजले उतरून त्याच इमारतीतल्या प्रोफिरामावशींकडे गेली.

"मावशी, हे घ्या. इथे तुमचं, तिथे बाबांचं."

"बोग्दाप्रोस्ते," म्हणजे देवाने त्यांना क्षमा करावी, असं म्हणून मावशींनी मला दोन्ही हातांनी घेतलं.

मी थिजलो. भांडून, कापून मिळवलेलं चित्र बाई एका वर्षात देऊन टाकते? तिला बापाला बाग पाठवायची होती, की मला नजरेआड करायचं होतं? मला वाटतं, दोन्ही. माणसांना एका हाताने दोन कामं सहज जमतात.

प्रोफिरामावशी एकट्या राहतात. कोणत्या शनिवारी कोणाच्या नावाने काय द्यायचं, हे सगळी इमारत त्यांना विचारते. त्यांनी मला स्वयंपाकघरात टेबलाजवळ लावलं. माझ्याखाली एक अरुंद लाकडी बाकडं आहे, त्यावर बसून त्या भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलतात आणि माझ्याशी गप्पा मारतात. कोबीच्या वाफेने माझा बर्फ आणखी मळला. तरी मी म्हणेन, माणसाच्या घरात होतो. अशी दहा वर्षं गेली.

मग फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी आगी घरच्या चपलांवर, केस न विंचरता खाली आली.

"मावशी, बाबा स्वप्नात आले."

मावशींनी गॅस बंद केला. "काय मागितलं?"

"काही नाही हो. बागेत बसले होते. आपल्याच बागेत. पण बाक अर्धा. पुढे नुसतं काहीच नाही, कापल्यासारखं. आणि आई बाजूला उभी, चिखलात. मी म्हटलं, आई, बस ना. तर बाबा म्हणाले, 'कुठे बसेल? तुम्ही पाठवलंत तेवढंच आहे.'"

दोघींनी सावकाश माना वळवल्या आणि माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी मला जे वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणजे इतकी वर्षं मी फक्त या स्वयंपाकघरात नव्हतो? मी तिकडेही पोचलो होतो, असा, अर्धा? आणि ती बाई, जिच्यासाठी कपाटाची पाठ उचकटून मला रंगवलं, ती दहा वर्षं माझ्याच कडेला उभी होती, आणि मला पत्ता नव्हता! मी इथे कोबीच्या वासाची तक्रार करत बसलो होतो.

"उरलेला अर्धा द्यायला हवा," मावशी म्हणाल्या.

"तो झेनाकडे आहे."

"मग कर फोन."

"आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही, मावशी. तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुझी आई दहा वर्षं उभी आहे, हे तुला आज कळलं."

आगीने तिथूनच फोन लावला. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "झेना? मी आगी... कोणी मेलं नाही गं... म्हणजे मेलेत तेच, नवीन कोणी नाही. आधी ऐकून तर घे." मग तिने सगळं सांगितलं. पलीकडून झेनाने काहीतरी विचारलं. मग आगी म्हणाली, "हो. चार तारखेला. आईचाच दिवस."

चार मार्चला सकाळी बर्फमिश्रित पाऊस पडत होता. झेना दारात आली तेव्हा तिचा कोट भिजला होता, पण काखेतलं चादरीचं गाठोडं कोरडं होतं. केस पांढरे झाले होते. आगी तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या मुठीत लाल-पांढरा दोरा होता, मला दिसत होता, पण तिने मूठ उघडली नाही.

"ये," ती म्हणाली. "पाय पूस."

मला दम निघत नव्हता. माझा उजवा अर्धा! झेनाने गाठोडं टेबलावर ठेवलं, चादर सोडली.

हिरवंगार! फांदी न् फांदी पानांनी गच्च. चिखलाच्या जागी निळं पाणी, आणि पाण्यात, सांगतानाही लाज वाटते, दोन हंस. बाकावर, कासांद्राच्या पुडीच्या बरोब्बर वर, एक भलंमोठं लाल फूल. हा मी? माझ्या बाजूला मार्च, आणि तिकडे जुलै!

"हे काय आहे?" आगीने विचारलं.

झेना कोटाची बटणं काढत राहिली. "शेजारणी म्हणायच्या, भिंतीला चिखल काय लावून ठेवलायस. मलाही बघवत नव्हतं. जिना रंगवायला एक माणूस आला होता. त्याला म्हटलं, थोडी पानं काढ. त्याला थांबताच येईना."

"आणि हंस? ब्राइलाच्या बागेत हंस?"

"तो म्हणाला, पाणी आहे तर हंस हवाच."

"पाणी कुठे होतं? चिखल होता तो! आईच्या बुटांना लागायचा तो चिखल!"

"ओरडू नकोस. कापलं कोणी?"

"मी कापलं? 'कर' कोण म्हणालं आधी?"

"आणि 'करच' कोण म्हणालं?" झेनाचा आवाज चिरकला. "मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू थोरली. मी तुझ्याकडेच बघत होते."

आगी बाकड्यावर बसली. "मी पण तुझ्याकडेच बघत होते," ती म्हणाली. "तू थांबवशील म्हणून."

मी अकरा वर्षं हे दोन्ही चेहरे आठवत होतो. हाताची घडी, ताठ माना. त्यात मला फक्त राग दिसला होता. मी तरी कुठे नीट बघितलं होतं?

"पाठवायचं तर धुऊन पाठवा," मावशी म्हणाल्या. "असले हंस घेऊन ती बिचारी काय करेल?" त्यांनी एक मोठा बटाटा मधोमध कापला आणि दोघींच्या हातात एकेक फोड दिली. आमच्याकडच्या बायका जुनी चित्रं कच्च्या बटाट्याने पुसतात. तुम्ही मात्र असं करू नका. चांगला रंग उडतो. पण जिनेवाल्याने भिंतीचा स्वस्त रंग वापरला होता आणि येरेमियाने मला रोगणाचे तीन हात दिले होते, म्हणून वाचलो.

दुपारपर्यंत त्या घासत होत्या. आधी एका हंसाचं डोकं गेलं, मग मान. "हलक्या हाताने गं," "मला शिकवू नकोस," असं चाललं होतं. निळं पाणी फडक्यावर आलं आणि खालून चिखल वर आला. माझा चिखल! मग झेनाने लाल फूल घासायला घेतलं. पाकळ्या गेल्या, आणि कागदी पुडीचं टोक दिसलं. तिचा हात थांबला.

"बिया," ती म्हणाली. "आगी, आईच्या बिया. मी विसरूनच गेले होते."

आगीने बटाटा खाली ठेवला, खिशातून तो सकाळपासून चुरगळलेला दोरा काढला आणि बहिणीच्या ओल्या मनगटाला बांधला. गाठ घट्ट मारली. झेना किंचाळली नाही. ती रडली, अगदी मोठ्याने, लहान मुलीसारखी.

फांद्यांच्या बेचक्यांत थोडा हिरवा रंग राहिलाच. तो निघेना. लांबून बघितलं तर झाडाला कळ्या येऊ घातल्यात असं वाटतं.

मग मेणबत्ती लावली. झेनाने तुकडा उचलला आणि आगीकडे वळली.

"माझ्याकडे नाही," आगी म्हणाली. "मावशींना द्यायचा. डावा त्यांचा आहे."

"म्हणजे तुला पण नाही? मला पण नाही?"

"दिलेलं मला मागता येणार आहे का?"

झेना तुकडा धरून तशीच उभी राहिली. "मग आपण कापलं कशासाठी?" तिने विचारलं. शेवटी तिने तो पुढे केला. मावशींनी दोन्ही हातांनी धरला, पण झेनाची बोटं सुटेनात. मावशी ओढत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या.

"इथे तुमचं," झेना कशीबशी म्हणाली, "तिथे आईचं. आणि बाबांचं. दोघांचं." आणि तिने बोटं सोडली.

"बोग्दाप्रोस्ते."

मावशींनी मला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि दुसरा तुकडा माझ्याशी भिडवला. कडेला कड लागली. अकरा वर्षांनी! आणि तेव्हाच तो शेवटचा धक्का बसला. बाक पुरा होईना. पाठीच्या पट्ट्या जुळल्या, बैठक जुळली, पण मधला भाग कुठे होता? येरेमियाने दोन माणसांसाठी काढलेला बाक आखूड झाला होता. करवतीने खाल्लेलं, रंध्याने तासलेलं, असं चांगलं बोटभर लाकूड नाहीसं झालं होतं.

आगी पांढरीफटक पडली. "तो भुसा," ती म्हणाली. "मी माझ्या हाताने केरात टाकला."

"मग आता?" झेनाने तिचा दंड धरला. "आई परत उभी राहणार?"

मावशींनी चष्मा लावला. वाकून बाकाचं हे टोक बघितलं, ते टोक बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता या काय सांगतात कोण जाणे.

"उभी कशाला राहील?" त्या म्हणाल्या. "जरा खेटून बसतील. नवराच आहे ना तिचा?"

आधी झेनाला हसू फुटलं. मग आगीला. खिडकीबाहेर पाऊस थांबला होता आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन आलं होतं.

आगीने मागून दोन पट्ट्या ठोकून मला जोडलं. मी आजही इथेच आहे, प्रोफिरामावशींच्या स्वयंपाकघरात. सर्वांगाला कोबीचा वास येतो. चीर दिसते, ती लपवायचा कोणी प्रयत्न केलेला नाही, आणि मलाही ते नको आहे.

तुमच्या भिंतीवर माझ्यासारखं कोणी असेल, तर एवढंच मागणं आहे. वाद घाला, ओरडा, कासांद्रासारखं कपाटावरून भांडा. पण करवत आणायला कोणी उठलं, तर दुसरा नाही म्हणेल याची वाट बघत बसू नका. तुम्हीच म्हणा.

झेना दर रविवारी गालात्सहून येते. आल्या आल्या आगी विचारते, "काही दिसलं स्वप्नात?"

"नाही. तुला?"

"नाही."

मावशी म्हणतात, कोणी काही मागायला आलं नाही म्हणजे सगळं पोचलं. दोघी मान डोलावतात, जरा हिरमुसतातही. मग माझ्याखालच्या त्या अरुंद बाकड्यावर बियांची पुडी मधे ठेवून बसतात. दोघींना तिथे जागा पुरत नाही. पण उठून खुर्ची कोणीच घेत नाही.